पाठमोरी

दिवाणखान्यात केझाया एन्टविसलचे बोलणे संपले. मिसेस ऑर्मरॉड चहात चमचा फिरवत राहिल्या. पाद्रीबुवांनी शेकोटीकडे नजर वळवली. गिरणीमालक एनॉक ऑर्मरॉड बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत होते. निर्णय घ्यायची वेळ आली की ते नेहमी तिथेच पाहत.

दोघी विणकरणी दाराजवळ उभ्या होत्या. गालिचा मळू नये म्हणून त्यांच्या लाकडी तळव्यांच्या बुटांखाली पोते अंथरले होते. म्हातारी केझाया विणकरांच्या गल्लीच्या वतीने बोलायला आली होती. सोबतच्या टेमरला दिवस गेले होते, आणि ते शालीखाली लपत नव्हते. मागणी एवढीच होती: बॉबिन गल्ली पाडायचीच असेल तर हिवाळा सरेपर्यंत थांबा. शहर इतके फुगले होते की भाड्याने तळघरसुद्धा मिळत नव्हते.

रेल्वेने गिरणीपर्यंत रुळांचा फाटा आणायला दोन वाटा सुचवल्या होत्या. एक ओसाड दलदलीतून, दुसरी गल्लीवरून. नकाशातल्या गल्लीवर बोट ठेवले ते मिसेस ऑर्मरॉड यांनी.

"या बायका एवढ्या ओरडून का बोलतात?" त्या पाद्रीबुवांना म्हणाल्या. "इथं कुणी बहिरं नाही."

"मागांचा परिणाम, बाईसाहेब."

"मागांचा कसला, रक्ताचा! आज वसंतापर्यंत थांबा म्हणतील, वसंतात उन्हाळ्यापर्यंत. आमच्या बाथ शहरात भिकारीसुद्धा हळू आवाजात मागतात."

आणि त्या ओठ मिटून हसल्या. त्या नेहमी ओठ मिटूनच हसत. टेकडीवरच्या बंगल्यांतले लोक त्याला खानदानी वळण म्हणत. ज्यांचे आजे दारोदार सूत विकत फिरले होते, त्यांना खानदान ओळखायला एवढे पुरेसे होते. खिडकीखाली धुरांडी आभाळ काळे करीत होती. त्याच धुरातून टेकडीवरचे मखमली पडदे आले होते, आणि टेकडी त्याच धुराला नाक मुरडत होती.

खाली गिरणीच्या साचाखात्यात आवाजाला किंमत नसते. शेकडो माग एकदम धडधडू लागले की गळा फाडूनही शेजारणीला काही ऐकू जात नाही. म्हणून विणकरणी नुसत्या ओठांनी बोलतात. आवाज न काढता, प्रत्येक अक्षर तोंडभर घडवून, पार पलीकडच्या मागापर्यंत. बाळंतपणे, भांडणे, चावट थट्टा, सगळे त्या मुक्या बोलीत चालते. एखादीला तोडून टाकायचे असेल, तर तिचे बोलणे अर्ध्यावर असताना तिच्याकडे पाठ करायची. खात्यात याहून मोठा अपमान नाही.

टेमरला संताप आवरेना. केझायाकडे वळून तिने आवाज न काढता ओठ हलवले.

"मावशे, बया म्हणं बाथची! हनुवटीला मुरंबा लागलाय बघ, शेंबड्या पोरीवाणी."

मिसेस ऑर्मरॉड यांचा हात हनुवटीकडे गेला. रुमालाने त्यांनी मुरंबा टिपला.

खोलीत कुणीही काही बोलले नव्हते.

रुमाल तिथेच थबकला. आपण काय केले हे कळताच त्यांचे ओठ विलग झाले, आणि केझायाला त्यांचे पुढचे दात दिसले. त्यांच्या कडा झिजून काळ्या पडल्या होत्या. केझायाचेही तसेच होते. धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत ओढता ओढता विणकरणीचे दात असेच झिजतात.

टेमरला हसू फुटत होते. केझायाने तिचे मनगट घट्ट धरले. मग ती म्हातारी, जिच्या आवाजाने मघाशी काचा हादरल्या होत्या, आवाजाविना बोलू लागली.

"कुणाची गं तू?"

मिसेस ऑर्मरॉड यांची नजर त्या ओठांवरून हलेना.

"आमच्याच गल्लीतली ना? म्हणून गल्ली डोळ्यांसमोर नको झालीय तुला."

एनॉक ऑर्मरॉड यांनी घसा खाकरला. इतका वेळ बायकोचा चेहरा न्याहाळूनही त्यांना त्यातले एक अक्षर वाचता आले नव्हते.

"मग यांना काय सांगू, हॉनोरिया? तू म्हणशील तसं."

"भिऊ नको, पोरी," केझायाचे ओठ म्हणाले. "ही गोष्ट आमच्या ओठांबाहेर जायची नाही. तू हो म्हण, नाही म्हण, तरी जायची नाही. ही बाळंत होईस्तोवर थांब, एवढंच. तुझ्या आईनंही त्याच गल्लीत..."

मिसेस ऑर्मरॉड यांचे ओठ किंचित हलले. एखादे नाव तिथे घडत आले, आणि मोडले.

त्यांनी कप खाली ठेवला. झग्याच्या चुण्या सारख्या केल्या. केझायाचे वाक्य अजून ओठांवर अर्धेच होते, तेव्हा त्या वळल्या आणि आतल्या दारातून निघून गेल्या.

पाद्रीबुवा अदबीने उठून उभे राहिले. "काय हे वळण," ते पुटपुटले. "शेवटी रक्तातच असावं लागतं."

केझाया त्या दूर जाणाऱ्या पाठीकडे पाहत राहिली. अशी पाठ फिरवायला माणूस साचाखात्यातच शिकतो.