आठ सेकंदांची नजर

पडद्यावर तिचा नवरा नायिकेकडे पाहू लागला आणि तिनं संकलनाचं मशीन थांबवलं. सकाळपासून नवव्यांदा. फीत मागे घेऊन तिनं पुन्हा सोडली. तो पुन्हा तसाच पाहू लागला.

सिनेमा शास्त्रज्ञांचा होता. त्यांना खाणीत एक निळा दगड सापडतो. ऊब पिऊन तो वाढत जातो. आधी टेबल गिळतो, मग खोली, आणि आवरला नाही तर गाव. तिचा नवरा त्यातला धाकटा शास्त्रज्ञ. शेवटी तो दगडाबरोबर आत राहतो आणि शिशाचं दार लावून घेतो. त्याआधी बाहेर उभ्या असलेल्या नायिकेकडे आठ सेकंद पाहतो. दगड साबणाचा होता, खाली दिवा ठेवलेला. दार पुठ्ठ्याचं होतं. नजर तेवढी खरी होती, आणि तीच तिला सलत होती.

संकलनाच्या या टेबलाशी तिची बारा वर्षं गेली होती. नवऱ्याला तिनं दाढी लावून, तलवार घेऊन, पाच-सहा बायकांवर प्रेम करताना पाहिलं होतं. तेव्हा तिला काही वाटलं नाही. ओंडक्यानं प्रेम केलं तर त्याचा मत्सर कोण करणार? पण ही नजर पाठ केलेली नव्हती. घरी त्यानं असं कधी पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या नजरेपुढे नायिकेचा चेहरा तिनंच स्वतःच्या हातानं जोडला होता. सांधा बेमालूम बसला होता आणि आता तिची तीच जळत होती. सूड म्हणून नायिकेचे दोन देखणे शॉट तिनं टोपलीत टाकले होते. त्यांच्या जागी घातलेल्या एकात तर बाईंना आता शिंक येणार असंच वाटायचं. तरी जळफळाट शमला नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी जेवताना तिनं विचारलं होतं, "त्या दारापाशी तिच्याकडे असं काय पाहता हो?"

"कुणाकडे?" तो म्हणाला. मग हसला. "तुला खरंच आठवत नाही?"

चोर तो चोर, वर शिरजोर. ती ताटावरून उठली. नंतर तो दोनदा बोलायला आला, दोन्ही वेळा तिनं पाठ फिरवली. आज तिची बॅग टेबलाखालीच होती. संध्याकाळी ती इथूनच बहिणीकडे जाणार होती आणि परत यायचा तिचा विचार नव्हता. जाण्यापूर्वी एकच काम उरलं होतं. आठ सेकंदांचा एक सेकंद करायचा. नवऱ्याची सगळी भूमिका त्या आठ सेकंदांत होती, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं कात्री उचलली तेवढ्यात ध्वनिमुद्रक काखेत डबा घेऊन आला. वयानं मोठा माणूस. स्टुडिओत सगळे त्याला 'कान' म्हणत.

"घ्या बाई, दाराच्या प्रसंगाचा आवाज. इतके दिवस मुकाच पाहिलात ना तुम्ही?"

"त्यातले सात सेकंद जाणार आहेत."

"आधी ऐका. मग तुम्ही आणि तुमची कात्री."

त्यानं आवाजाची फीत चित्राशी जुळवली आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर नवरा म्हणाला, "तू जा. हे माझ्या हातून झालंय, दार मीच लावीन." मग तो पाहू लागला. चौकटीबाहेरून नायिकेचं उत्तर आलं, पण आवाज नायिकेचा नव्हता. धोब्याची यादी वाचावी तसा सपाट आणि घाईचा होता.

"मी तुम्हाला सोडून जाणार नाही." आणि श्वासही न घेता पुढे, "झालं का? माझी रिळं खोळंबलीत."

मागे कुणीतरी हसलं. नवरा पाहतच होता.

तिनं कात्री खाली ठेवली. आवाज तिचाच होता.

"नायिका त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून दुपारीच गेली," कान म्हणाला. "तिचे शॉट दुसऱ्या दिवशी घेतले. तुम्हाला इथून खाली ओढून नेलं, कॅमेऱ्याशेजारी उभं राहून तिच्या ओळी वाचायला. नेहमीचंच ते. तुमच्या कुठं लक्षात राहणार?"

तिला कागद आठवला. ओळीखाली धरलेलं बोट आठवलं, त्याला चिकटलेला डिंक आठवला. बाकी काही आठवेना. मान वर केलीच नव्हती तर आठवणार काय?

टेबलाखाली पाय बॅगेला लागला. तिनं ती पायानंच आणखी आत सारली.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

नवरा तिच्याकडे पाहू लागला. तिनं मशीन थांबवलं नाही.