जुन्या आवृत्तीचा धडा

"काय काय आलं होतं गं?" परीक्षा देऊन आलेल्या शैलाला भामरे सरांनी कँटीनमध्ये विचारलं.

वाळूजच्या त्या कारखान्यात दोघं अकरा वर्षं सर्व्हर सांभाळत होते. आता चौदा मशीनचं काम दोनच मशीनवर चालणार होतं, एकेका मशीनच्या पोटात सात-सात सर्व्हर. माणूसही एकच पुरणार होता. नव्या प्रणालीच्या सर्टिफिकेट परीक्षेत ज्याला जास्त गुण, तो राहणार. तरीही सर तिला रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवत आले होते.

बॅकअपची पद्धत नव्या आवृत्तीत पार बदललीय आणि सर जुनीच शिकवतायत, हे शैलाला गेल्या आठवड्यातच नव्या प्रणालीची पुस्तिका चाळताना कळलं होतं. आज त्यावरच नऊ प्रश्न आले होते.

"तुम्ही शिकवलंत तेच आलं होतं, सर," ती म्हणाली. "बॅकअप तेवढं बघून जा."

गुरुवारी सरांनी परीक्षा दिली. त्यांना तिच्यापेक्षा चार गुण कमी पडले.

शेवटच्या दिवशी त्यांनी जुनी मशीन एकेक करून बंद केली आणि सर्व्हर रूमच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. ती काही बोलणार, एवढ्यात त्यांनीच तिला थांबवलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तू सांगितलंस म्हणून आपल्या नेहमीच्या पुस्तकातला बॅकअपचा धडा दोनदा वाचून गेलो होतो. माझंच डोकं आता चालेनासं झालंय."

शैलाने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. सर जिना उतरून गेटबाहेर पडले, तेव्हा ती सर्व्हर रूमला कुलूप लावत होती.