अकरावा ‘बी’

अकराव्या ‘बी’भोवती लाल वर्तुळ काढून मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

“अकरा चुका. आणि सगळ्या एकाच जातीच्या,” ते म्हणाले. “‘ओल्ड मॅन बी ॲट द डोअर.’ इथं ‘इज’ हवा. आठवीतल्या पोराला कळतं.”

“बाबा, तुम्हाला शिकायचंय की तपासायचंय?” सुनेनं विचारलं.

मास्तर वरमले. सून परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. घरी बसून, रोज आठ तास. पलीकडची माणसं पुस्तकातलं इंग्रजी बोलत नसत. ती जे बोलत ते तिला नणंदेनं, मास्तरांच्या मुलीनं, शिकवलं होतं, रॅप ऐकवून ऐकवून. आता नणंद नव्हती. तिला जाऊन वर्ष झालं होतं. मागे राहिलं होतं ते तिच्या फोनमधलं एक गाणं, तिचं स्वतःचं, खोलीत बसून म्हटलेलं. मास्तरांनी त्याचे बोल कागदावर उतरवून घेतले होते.

चौतीस वर्षं त्यांनी इंग्रजी व्याकरण शिकवलं. चूक दिसली की हात आपोआप चालायचा. सात वर्षांपूर्वी मुलीनं गाण्यांची पहिली वही मोठ्या हौसेनं पुढ्यात ठेवली, तेव्हाही तो चालला. वही परत गेली ती सेहेचाळीस लाल खुणा आणि वीसपैकी तीन गुण घेऊन. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. सहा वर्षं एका टेबलावर जेवली, पण बापाकडचं मीठसुद्धा वहिनीमार्फत मागितलं.

मास्तरही हट्टी. पण रोज चार वाजता ते तिच्या बंद दाराशी जाऊन उभे राहत. हात वर करत. आतून ठेका ऐकू येई. हात खाली येई. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं: तिला ते कळलं होतं का?

“एक,” सून म्हणाली. “ओल्ड मॅन म्हणजे म्हातारा नव्हे. बाप.”

मास्तरांनी मुकाट्यानं लिहून घेतलं.

“पुढे. ‘ही डोन्ट नेव्हर नॉक.’”

“दोन नकार म्हणजे होकार,” मास्तर म्हणाले. “म्हणजे मी दार वाजवतो.”

“तुमच्या शाळेत. इथं दोन नकार म्हणजे दुप्पट नकार. कधी म्हणजे कधीच वाजवत नाही.”

“आणि ‘बी’?”

“मराठीत आपण दोन शब्द ठेवलेत ना, ‘असतो’ आणि ‘आहे’. तुमचा ‘इज’ दोन्हीकडे राबतो, गरीब बिचारा. हिच्या रॅपमधल्या इंग्रजीत ‘असतो’ला वेगळा शब्द आहे. ‘बी’. बाप दाराशी उभा असतो. रोज.”

मास्तरांचं पेन थांबलं. ते अकरा वर्तुळांकडे बघत राहिले. अकरा वेळा म्हटलं होतं तिनं.

“‘बी’ गाळला तर आणखी गंमत आहे,” सून घड्याळ बघत उठली. “पण ती उद्या. माझे फोन सुरू होतील.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता मास्तर फोन, हेडफोन आणि कागद घेऊन त्या दाराशी गेले. वर्षभर दाराला बाहेरून कडी होती. कडीवर धूळ होती. त्यांनी गाणं लावलं आणि एकेका ‘बी’वर टिचकी मारत ऐकू लागले. चूक म्हणून नव्हे, बरोबर म्हणून. दहा टिचक्या झाल्या.

अकरावी झाली नाही.

त्यांनी गाणं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. आयुष्यभर त्यांनी गुण देताना हात आखडता घेतला असेल, पण मोजण्यात ते चुकले नव्हते. त्यांनी सुनेला हाक मारली.

ती हसत आली. हेडफोन कानाला लावून ऐकू लागली. शेवटाला तिनं कागद स्वतःकडे ओढला.

“काल इथं ‘बी’ होता.”

“होता. मीच गोल केलाय ना.”

“फोन कुणाला दिला होतात?”

“उशाखाली होता माझ्या.” मास्तरांनी घसा खाकरला. “असू दे. खाल्ला असेल तिनं एखादा. चूक आहे, झालं.”

सुनेनं गाणं बंद केलं. हेडफोन गुंडाळून मुठीत धरला. कडीवरच्या धुळीकडे बघत ती अगदी हळू बोलली.

“चूक नाही, बाबा. ‘बी’ गाळला की रोजचं राहत नाही. या घटकेचं होतं. ‘असतो’ नव्हे. ‘आहे’.”

घरात कुठलाच आवाज नव्हता. मास्तर जिथं उभे होते तिथंच उभे होते. मग त्यांचा हात वर गेला.

“बाबा, नको.”

हात खाली आला नाही. त्यांनी दार दोनदा वाजवलं.

“हू इज इट?” आतून आवाज आला. ‘इज’ अगदी जागच्या जागी होता.