बाहेर वळलेला तारा

हेमांगी सबनीसने चंद्रावरच्या दुर्बिणीने टिपलेली जुनी छायाचित्रं पुन्हा क्रमाने लावली. दूरच्या दीर्घिकेत कृष्णविवराने नुकताच फाडलेला तारा तिने त्यांत ओळखला होता, पण त्याची वाट काही केल्या गणितात बसेना. कृष्णविवराकडे ओढला जाता जाता तो मध्येच बाहेर वळला होता. पुन्हा ओढला गेला, पुन्हा वळला.

“हे आपोआप होत नाही,” तिचे मार्गदर्शक फाटकसर कापऱ्या आवाजात म्हणाले. “तिथलं कोणीतरी स्वतःचा सूर्यच ढकलत होतं, हेमांगी!”

परग्रहावरच्या जीवांचा पुरावा शोधण्यात त्यांची हयात गेली होती.

हेमांगीने आकडेमोड केली, मग पुन्हा एकदा पडताळून पाहिली. “सर, ते अगदी थोडक्यासाठी गेले हो. आणखी जरासा जोर लागता, तर सुटले असते.”

सरांना ते ऐकूच आलं नाही. ते दार उघडून बाहेरच्या सहकाऱ्यांना ओरडून सांगत होते, “विश्वात आपण एकटे नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी पेढे आणायला धावलं.

हेमांगी जागची उठली नाही.

“सर,” ती म्हणाली, “नव्हतो, म्हणा.”