विमलाकाकूंची पपनसं

नम्रताने पपनस मधोमध कापलं. पोखरलेल्या फोडीतून गुलाबीसर अळी वळवळत बाहेर आली.

"ही आपल्याकडची नव्हे," ती म्हणाली. "बाहेरच्या देशातल्या पतंगाची आहे."

विमलाकाकू पायरीवर बसून होत्या. त्यांनी अळीकडे पाहिलं, मग परसातल्या नऊ झाडांकडे. सगळी त्यांनीच लावलेली.

परकीय किडींचा धोका ठरवणं हे नम्रताचं काम. सावर्ड्याजवळच्या या वाडीत ती सकाळपासून फिरत होती. अळी फक्त इथेच सापडली होती. शेजारचे दत्ताराम तिच्या मागे उभे होते. दगडी गडग्यापलीकडे त्यांची पपनसाची चाळीस झाडं होती.

"कीड आली कुठून, ते कळायला हवं," नम्रता म्हणाली. "कोणी बाहेरून फळ आणलं असेल, तर एवढी नऊ झाडं तोडून भागेल. नाही कळलं, तर वाडीतलं पपनसाचं, लिंबाचं एकही झाड ठेवता येणार नाही."

दत्तारामांनी वळून गडग्यापलीकडे पाहिलं.

"रितेशनं आणलीन," विमलाकाकू म्हणाल्या. आवाज सपाट होता. "माझा मुलगा. परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटीवर असतो. दोन पपनसं आणलीन. एक किडकं निघालं, ते मी मागीलदारी टाकलं."

"कधी आला होता?"

"गणपतीत. पाच दिवस होता. मोदक खाल्लान, दुपारचा हितंच पायरीवर निजायचा."

"त्याच्याशी फोनवर बोलता येईल?"

"बोटीवर फोन लागत नाय."

नम्रताने लिहिलं : कीड एकदाच, एका फळातून आली. पसरण्याचा धोका कमी.

"तो आल्याचं लिवलंत?" विमलाकाकूंनी विचारलं.

"हो."

"दिवस पण लिवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला."

चार दिवसांनी करवत आली. दुपारपर्यंत नऊही झाडं आडवी झाली. फळं खड्ड्यात टाकून जाळली. धूर अंगावर आला तरी विमलाकाकू जागच्या हलल्या नाहीत. रडल्याही नाहीत.

माणसं गेल्यावर दत्ताराम चहा घेऊन आले. पेला विमलाकाकूंच्या हातात देऊन ते पायरीवर टेकले.

"वहिनी, वाडी वाचवलीत," ते हळूच म्हणाले. "पण त्या मॅडमनी कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. रितेशची बोट बुडाली त्याला सहा वर्षं झाली."