हात पुरायला नको

"मान तिकडं वाकव. खांदा वर घे. आता लाव हात कानाला," सरुबाई म्हणाली.

तिच्या सात वर्षांच्या लेकीनं, रतननं, उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेला. बोटं डाव्या कानाच्या वरच अडली.

"असंच करायचं. कुणी कितीबी गोड बोललं तरी."

डाळजच्या माळावरच्या त्या वस्तीत सरुबाईनं हा धडा घरोघर जाऊन दिला होता. सडकेच्या खडीसाठी खाण निघाल्यापासून मुकादम गाडी घेऊन यायचा. ज्या पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पुरला, ते कामाजोगं झालं म्हणून घेऊन जायचा. वस्तीतल्या चुली खाणीवरच पेटायच्या, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. गेल्या साली सरुबाईचा थोरला भिमा असाच गेला आणि सुरुंगाच्या कपच्या डोळ्यांत घेऊन परत आला. त्याला आता दिसत नव्हतं. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकून प्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, तीही खाणीच्याच वाटेनं. आत पोत्याखाली काहीतरी खणखणलं. उंबऱ्यात बसलेला भिमा दचकला. सुरुंग उडवायच्या आधी खाणीवर अशीच घंटा वाजायची.

"आये, घंटा हाय," तो म्हणाला आणि चाचपडत आत सरकला.

गाडीतून काळ्या टोपीचा माणूस उतरला. नवा होता. त्याची पांढरी पडलेली बोटं सरुबाईनं पाहिली. दगडाची भुकटी, दुसरं काय असणार?

"सहा वर्षांवरची मुलं बोलवा, बाई," तो म्हणाला. "कान धरता येतो का, बघायचंय."

पोरं रांगेत उभी राहिली. एकाचाही हात पुरेना, तसा माणसाचा चेहरा उतरत गेला. शेवटी रतन उरली.

ती सगळ्यांत उंच. माणूस तिच्यापुढं उकिडवा बसला.

"अजून थोडं, बाळ. तुझा नक्की पोचेल."

त्यानं तिचं कोपर हलकेच वर उचललं. बोटं कानाजवळ गेली. रतननं मान आणखी वाकवली.

"ल्हान हाय ती," सरुबाई म्हणाली. "आमची समदीच पोरं ल्हान हाईत."

माणूस उठला. "वाईट वाटतं, बाई."

"आमाला न्हाय वाटत."

गाडी वळली. सरुबाईनं रतनला पोटाशी धरलं. कितीतरी दिवसांनी ती आनंदानं रडली. पोरं खिदळत, आपापले कान धरून एकमेकांना दाखवू लागली.

ओढा ओलांडल्यावर माणूस गाडीवान कुंडलिकला म्हणाला, "शाळेत नाव असलेलं पोर खाणीवर नेणार नाही, असं ठेकेदाराकडून आत्ताच कबूल करून घेतलं होतं मी. पण इथं कानाला हात पुरून नाव घालण्याजोगं एकही मूल नाही. शाळेची घंटा आता भादलवाडीला देऊ."