काचेवरचं पाणी

नवऱ्याच्या मयताला जिनं एक टिपूस गाळलं नाही, ती बाई रोजावर रडायला सिनेमात जाते, याला काय म्हणायचं? फेलिसा म्हातारी हे थिएटरात बसून बोलत होती, आणि हळू बोलायची तिला सवय नव्हती. सून शेजारीच बसली होती. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघू लागल्या.

"नानाय, सुरू होतंय," सून जोवेलिन म्हणाली. सासूला ती नानाय, म्हणजे आई, म्हणायची.

"होऊ दे. मी काय त्याला अडवलंय?"

म्हातारी नवोतासच्या बंदरावर सुकी मासळी विकायची. सोमवारी म्हाताऱ्या माणसांना सिनेमा फुकट, म्हणून लागेल तो बघायची आणि बघितला की नावं ठेवायची. प्रेमाच्या सिनेमात मासेवाली पोरगी श्रीमंताच्या लेकाला आवडते, पण तिच्या नखात एक खवला अडकलेला नसतो. नाताळात येतात ते नुसते आरडाओरड्याचे. त्यातलं भूतसुद्धा विनोद करतं. आणि परदेशात बक्षिसं मिळवतात ते आपल्याच गल्ल्यांचे, त्यात सगळा काळोख. "गरीब माणसं काय घरात दिवा लावत नाहीत?" ती विचारायची. "शेजाऱ्याच्या तारेवरून का होईना, लावतो की आम्ही."

आजचा त्यातलाच होता. अरुंद गल्ली, मोटरसायकलवरून आलेले दोघे, दारासमोर गोळी लागून पडलेला तरणा पोरगा. म्हातारीचा लेक रोदेल असाच गेला होता.

रोदेलची शवपेटी घरात ठेवली तेव्हा सगळी गल्ली रात्र-रात्र जागली. रिवाजाप्रमाणे माणसं पत्ते खेळली, कॉफीत बिस्किटं बुडवून खाल्ली, रडली, पुन्हा पत्ते खेळली. आणि ही जोवेलिन सगळ्या रात्री दारात उभी, तोंड रस्त्याकडे. पेटीपाशी एकदाही आली नाही. शेजारणी कुजबुजल्या. सासूनं तो काटा गिळला नाही, थुंकलाही नाही. वर्षानुवर्षं दोघी एकाच पाटावर मासे चिरत राहिल्या आणि काटा घशात तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात शेजारणीनं बातमी आणली. तुझी सून म्हणे सिनेमात दिसते, मयताच्या गर्दीत, रडताना. जोवेलिननं ते काम लपवूनच केलं होतं. त्याच दिवशी म्हातारीनं सांगून टाकलं, "रडता येतं तर तुला. मग माझ्या घरात काय काम? समारला माहेरी जा, आपल्या माणसांत." समारला तिचं आता कोणी उरलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. "पण जायच्या आधी," म्हातारी म्हणाली, "तुझं सोंग मला डोळ्यांनी बघायचंय."

पडद्यावर आता मयताचं घर होतं. नायिका पेटीवर कोसळली. केस जिथल्या तिथे, गाल ओले. डोळ्यांतलं पाणी टपटप पेटीच्या झाकणातल्या काचेवर पडत होतं, बरोबर मेलेल्याच्या तोंडावर.

"काचेवर पाडतेय मेली," फेलिसा म्हणाली. "मयतावर आसवं सांडली की त्याचा पाय निघत नाही, एवढंही हिच्या आईनं शिकवलं नाही? आता तो बिचारा जाणार कसा?"

"खरंय बाई," पुढची एक म्हणाली.

नायिकेला धरून आत नेलं. मागे दाराशी एक बाई उभी होती, तोंड रस्त्याकडे. जोवेलिन. तिनं हनुवटीखाली दोन्ही हातांनी टॉवेल धरला होता आणि तो भिजून लोंबत होता. आवाज काही येत नव्हता. मग तिनं वळून पेटीकडे पाहिलं, सरळ चालत आली, मान जमेल तेवढी मागे फिरवली, आणि टॉवेलच्या कोरड्या टोकानं काच पुसली. कडेपासून कडेपर्यंत. पुसून पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. तिथे तिचे खांदे हलत होते.

सिनेमा संपला. म्हातारीनं कशालाच नावं ठेवली नाहीत.

बाहेर आल्यावर ती घरी नेणाऱ्या जीपनीच्या थांब्याकडे न जाता पेजेच्या गाडीकडे वळली.

"नानाय, आपली जीपनी तिकडून."

"मयताहून सरळ घरी जायचं नसतं. मेलेले मागोमाग येतात."

"सिनेमा होता तो."

"मला शिकवू नकोस. बस."

आल्याची वाफाळती पेज आली. म्हातारी नुसती चमचा फिरवत राहिली.

"काच पुसायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला दारात उभं राहायचं होतं नुसतं. सिनेमावाले आधी ओरडले माझ्यावर. मग म्हणाले, राहू दे."

"पेटीतला जिवंत होता ना गं?"

"होता की. नंतर आमच्यातच बसून जेवला."

"मग?"

"काचेवर पाणी दिसलं," जोवेलिन म्हणाली. "मला राहवेना."

म्हातारीनं चमचा खाली ठेवला. "आणि रोदेलच्या वेळी?"

"माझं थांबतच नव्हतं, नानाय. जवळ आले असते तर सगळं त्याच्यावरच पडलं असतं. त्याला वाट मोकळी नको?"

गाडीवाला भांडी घासत होता. फेलिसानं आपल्या वाटीतलं उकडलेलं अंडं उचललं आणि सुनेच्या वाटीत टाकलं.

"समारला कोणी जात नाही," ती म्हणाली. "आणि नीट ऐकून ठेव. माझी वेळ येईल तेव्हा दारात उभं राहायचं नाही. पेटीपाशी यायचं, अगदी जवळ. पडू दे काय पडायचं ते. मला कुठे जायची घाई नाही."